बारा पावलांचा श्वास

थांबा. पाठीला हात लावायच्या आधी जरा ऐकून घ्या. मी खेचर बोलतोय. हो, तेच. भट्टीच्या भिंतीवर रंगवलंय ना, पाठीतून धूर निघतोय आणि मान ताठ, ते मीच. चित्रकारानं मान जरा जास्तच ताठ काढलीय. तशी ताठ ठेवायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं, तेच सांगायचंय. तुम्ही परीक्षेला निघालात, माझ्या पाठीवरच्या शुभ डागाला हात लावून जायचं म्हणून आलात, कळलं. अभ्यास केला असता तर ही वेळ आली नसती. पण ते राहू दे, मी कोण तुम्हाला सांगणारा. माझंच शिक्षण तिसरीपर्यंत, तेही भिंतीपलीकडून.

माझी आई घोडी, बाप गाढव. माणसं खूश झाली की म्हणतात, आईवर गेलाय. चिडली की बापाला मध्ये आणतात. बापानं जन्मभर ओझी वाहिली, कुणाचं वाईट केलं नाही, पण शिव्या खायला तोच. मी जन्मलो एका दगडाच्या खाणीवर. तिथे एक म्हातारी घोडी होती, गुडघे गेलेली, एक डोळा पांढरा. तिनं मला माझी विद्या दिली.

"पोरा," ती म्हणाली, "तुझ्या पाठीवर खोगीर टाकतील आणि पोटाखालून एक पट्टा घेऊन आवळतील. त्याला तंग म्हणतात. आवळायला लागले की श्वास भरून घ्यायचा, पोट नगाऱ्यासारखं फुगवायचं आणि धरून ठेवायचं. त्यांना वाटतं, घट्ट बसला. त्यांची पाठ वळली की श्वास सोडायचा. दिवसभर पट्टा सैल."

"आणि ओझं पडलं तर?"

"पडलं तर पडलं. उचलायला त्यांना दोन हात दिलेत."

ही विद्या मला एका दिवसात आली. काही पोरांना पाढे येतात, मला हे आलं. खाणवाल्यानं मला चार वर्षं सोसलं. पाचव्या वर्षी त्याचाच दगड त्याच्याच पायावर पडला. कुठून पडला ते विचारू नका. त्यानं लंगडत लंगडत मला शाळेच्या दारात आणून बांधलं आणि मास्तरांना म्हणाला, "हे घ्या. फुकट घ्या. सगळ्यांना शहाणं करता, याला करून दाखवा."

म्हणून माझं नाव पडलं शहाण्या.

मास्तर किडकिडीत. त्यांचे हात थरथरायचे. फळ्यावर सरळ रेघ काढली की ती नाचायची आणि पोरं खुसखुसायची. पण गाठ मारायला बसले की ते हात दुसऱ्याच कुणाचे वाटावेत. त्यांची गाठ सोडवायला सुरीच लागायची. त्यांना तीन वस्त्यांवर शिकवायला जावं लागे, पाट्या, पुस्तकं, गुंडाळायचा फळा असं सगळं माझ्या पाठीवर. माझी राहायची जागा शाळेच्या मागच्या पत्र्याच्या पडवीत. मध्ये एक फळ्यांची भिंत, तिला बोटभर फट. त्या फटीतून मी शिकलो. तेराच्या पाढ्याला नेमकी वैरण यायची, त्यामुळे माझं गणित बारावर अडलंय.

माझी खोड मास्तरांच्या लवकरच लक्षात आली. त्यांनी नालबंदाला विचारलं. नालबंद माझा खूर मांडीवर घेऊन बसला होता. वर न बघताच तो म्हणाला, "मास्तर, खेचराचा तंग दोनदा ओढायचा. एकदा ओढा, दहा पावलं चालवा, मग परत ओढा. दहा पावलांत कुणाचाही श्वास सुटतो."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मास्तर तंग ओढायचे, मला चालवायचे आणि मोठ्यानं मोजायचे. मास्तरच ते, मनात मोजणं त्यांना जमणार कसं. एक, दोन, तीन. दहा म्हटलं की थांबून परत ओढायचे. बक्कल चौथ्या भोकात बसायचं. कायम चौथ्या. आणि मी? मोजायला त्यांनीच शिकवलं होतं. मी बारापर्यंत श्वास धरायला शिकलो.

वस्तीवरच्या शाळेच्या दारात आलो की ओझं हळूच कलायचं आणि पाट्या धडाधड चिखलात. पोरं आनंदानं नाचायची, कारण पाट्या धुवून वाळेपर्यंत शाळा बंद. मास्तर कपाळाला हात लावून म्हणायचे, "अरे शहाण्या, आजही?" आणि स्वतःच हसायला लागायचे. त्या हसण्यासाठी मी करत होतो, असं मी स्वतःला सांगायचो. थोडं खरंही होतं ते. बाकीचं मला फसवायलाच आवडायचं. एवढा शिकलेला माणूस आणि मी त्याला रोज दोन पावलांनी फसवतो, याची मला भारी गुदगुली व्हायची.

अशात वर डोंगरावर विझव्या येऊन बसला.

डोंगराच्या माथ्यावर एक थोरली चूल आहे. जगातली सगळी आग तिथून खाली आली, असं जुनी माणसं सांगायची. आम्ही सगळे ऐकून सोडून देत होतो. पण विझव्यानं ती चूल विझवली आणि तिच्यावर ठाण मांडलं, तेव्हा खालची एकेक आग मरायला लागली. काडी ओढली की नुसता वास यायचा. गारगोटी घासून हात सोलायचे. लोहाराच्या ऐरणीवर मांजर झोपायला लागलं, आणि दोन दिवसांनी तेही कुडकुडून उठून गेलं. धोबी थंडगार इस्त्री फिरवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "घालून फिरा, अंगावर सरळ होईल." जिथे कुठे चुकून एखादी आग उरली असेल तिथे विझव्याचे फुंकरे यायचे. राखाडी अंगाचे, फुगऱ्या गालांचे. दाराच्या फटीतून आत यायचे, फुंकर मारायचे, जायचे. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. दिवा गेला की माणूस निमूट अंथरुणात शिरायचा. विझव्याला तेच हवं होतं. माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

शेवटी एकच आग उरली. आमच्या पाव भाजणाऱ्या भट्टीवालीची.

भट्टीवाल्यांची एक रीत असते. भट्टी कधी नव्यानं पेटवायची नाही. काम झालं की चांगला निखारा राखेत पुरून ठेवायचा, सकाळी राख झटकायची की तो डोळा उघडतो. उघडा ठेवला तर जळून संपतो, झाकला तर टिकतो. भट्टीवालीकडचा निखारा तिच्या आईचा, तिच्या आजीचा, असा सात बायकांच्या हातून आलेला. फुंकऱ्यांना राखेखालचं दिसत नव्हतं म्हणून तो वाचला. आणि शाळेतल्या जुन्या नकाशाच्या कडेला एक ओळ होती, ती फक्त मास्तरांना वाचता आली. कधीच न विझलेला निखारा थोरल्या चुलीत ठेवला, तर ती परत पेटेल.

भट्टीवालीची लेक तेव्हा पोटुशी होती. आठवा सरून नववा लागलेला. भट्टीवाली परातीवर पिठाचे हात आपटून म्हणाली, "मला जगाबिगाचं काही माहीत नाही. माझ्या नातवंडाला पहिल्या अंघोळीला ऊन पाणी पाहिजे. गार पाण्यानं मी त्याला न्हाऊ घालणार नाही. मी चालले."

"अगं पोरी, वाट कोण दाखवेल?" मास्तर म्हणाले. ती पन्नाशीची, पण मास्तरांची जुनी विद्यार्थिनी. शेवटच्या बाकावरची.

"तुम्ही घरी बसा, मास्तर. तुमचं वय झालंय."

"तुला नकाशा उलटा धरायची सवय आहे. भूगोलात मीच तुला नापास केलंय, विसरलीस?"

तिसरा निघाला तो एक तलवारवाला. कुठून तरी आलेला, मिशा मोठ्या, म्यान लाकडाचं आणि चाललं की खणखण. सगळे त्याला खणखण्या म्हणायचे. चौथा मी. मला कुणी विचारलं नव्हतं. खोगीर टाकलं आणि तंग ओढला.

अकरा दिवस चाललो. मडक्यात राख, राखेत निखारा, आणि ते मडकं भट्टीवाली पोटाशी धरून चालायची. दर दोन तासांनी बोटानं राख सारून ती बघायची, कोळशाचा एक घास भरवायची, परत झाकायची. वाटेत एका गावात माणसं थंड शेगडीभोवती हात पसरून बसलेली दिसली. आग नव्हतीच. सवयीनं बसली होती. भट्टीवालीनं त्यांना मडक्यावर एकेकदा हात ठेवू दिले. एक म्हातारी हात काढेचना. मास्तरांनी तिचं बोट न् बोट हळूच सोडवलं आणि म्हणाले, "परत येतो, आजी." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी मोठ्या कामाला निघालोय. मी कान टवकारून चाललो. पोट मात्र सकाळी फुगवलंच होतं.

फुंकरे दोनदा आडवे आले. खणखण्यानं तलवार काढली आणि मी कबूल करतो, माणूस कामाचा होता. त्याच्या मिशांवरून मी मनात पुष्कळ हसलो होतो. ते सगळं मागं घेतो. मिशा सोडून.

अकराव्या दिवशी बर्फावरून भट्टीवालीचा पाय घसरला. मडकं तिनं वर धरलं, पडली ती मनगटावर. मनगट सुजून टम्म झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मास्तर, आज मला धरवत नाही. मडकं शहाण्याच्या पाठीवर बांधा. पण नीट बांधा हं. हात..."

सगळ्यांनी मास्तरांच्या हातांकडे बघितलं. मास्तरांनीही बघितलं.

"बांधतो," ते म्हणाले.

गवताची चुंबळ केली, तीवर मडकं, भोवती दोर, आणि अशी गाठ की बघत राहावं. मग तंग. माझ्या पाठीला मडक्याची ऊब लागत होती. मला ठाऊक होतं पाठीवर काय आहे ते. आता उगाच साळसूदपणा कशाला करू, पक्कं ठाऊक होतं.

मी पोट फुगवलं.

का? तीन दिवस कुणी हसलं नव्हतं. मला वाटलं, पुढच्या सपाटीवर ओझं जरा कलेल, मास्तर ओरडतील, अरे शहाण्या आजही, आणि सगळे हसतील. मडकं पडणार नाही, नुसतं कलेल. असा माझा हिशोब. आणि दुसरं कारण म्हणजे काहीच कारण नव्हतं. सवय. तंग ओढला की पोट फुगतं. जन्मभर खोटं बोललेल्या माणसाला साधी वेळ विचारली तरी तो दहा मिनिटं चुकवून सांगतो, तसं.

"एक, दोन," मास्तर मोजायला लागले. थंडीनं त्यांचा आवाज चिरकत होता. दहाला थांबले. परत ओढला. गुडघा लावून, दात खाऊन ओढला. चौथं भोक. मी अकरा धरले, बारा धरले. तेराव्याला श्वास सोडला.

सपाटी आलीच नाही. वळणावरून जी वाट निघाली ती कड्याला चिकटलेली, दीड हात रुंद. खोगीर सरकलं. मी थांबलो. खरंच थांबलो, पाय रोवून. पण ते सरकतच गेलं, पोटाखाली आलं आणि मडकं कड्यावर आपटून फुटलं. राख हवेत उडाली. लाल लाल ठिपके खाली दरीत गेले. किती तरी वेळ जात राहिले.

भट्टीवाली खाली बसली. सुजलेला हात मांडीवर ठेवून नुसती बसली.

खणखण्या वळला. "कसलं बांधलंत, मास्तर?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. लोंबकळलेल्या तंगाकडे बघत होते. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते थरथरत होते. त्या थंडीत कुणाचेही थरथरले असते.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "घट्ट बसला असं वाटलं. हातात जोर नाही राहिला."

"मग आलात कशाला? घरी बसायचं होतं ना."

"हो," मास्तर म्हणाले. "पोरी, मी खाली जातो. गावाला कुणीतरी सांगायला पाहिजे. मीच सांगतो."

भट्टीवालीनं मान वर केली नाही. मास्तरांनी नकाशा दगडाखाली ठेवला. जाताना त्यांनी माझ्या मानेवर थोपटलं. मी मान काढून घेतली. ते थोपटणं मला सहन झालं नाही. त्यांना वाटलं असेल, खेचरसुद्धा रागावलंय.

ते वळणाआड गेले. भट्टीवाली आणि खणखण्या तिथेच बसून राहिले. खोगीर खणखण्यानं परत पाठीवर टाकलं आणि तंग कसाबसा अडकवला. आणि थोड्या वेळानं माझी पाठ गरम व्हायला लागली.

मला वाटलं, ही शरम. फटीतून ऐकलं होतं, शरमेनं अंगाची आग होते. म्हटलं, होऊ दे. पण शरमेला लोकर जळाल्याचा वास येत नाही. मडकं फुटताना एक निखारा खोगिराच्या फाटक्या गादीत शिरला होता आणि आत लोकरीत धुमसत होता.

आमची जात पाठीला माशी बसली तरी लोळते. जमिनीवर आडवं व्हायचं, चार लाथा हवेत, पाठ घासायची की संपलं. माझे गुडघे आपोआप वाकायला लागले. पण लोळलो असतो तर तो विझला असता. मी उभा राहिलो. मोजायला लागलो. बारापर्यंत मोजायचं, परत एकपासून. किती वेळा मोजलं ते मला मोजता येत नाही, सांगितलं ना, बारावर अडलंय.

शेवटी भट्टीवालीनं नाक वर केलं. भट्टीवालीचं नाक ते. "धूर," ती म्हणाली. "अरे, धूर येतोय."

तिनं गादी फाडली. आत निखारा, सुपारीएवढा, जिवंत. खाली माझी कातडी. तिनं चांगल्या हातानं तो उचलला, उघड्या बोटांनी, आणि दोरात अडकून राहिलेल्या मडक्याच्या तळाच्या खापरीत, उरलेल्या राखेत ठेवला. मग माझी मान धरून रडायला लागली. "माझ्या राजा, हललासुद्धा नाहीस रे. मुक्या जनावराला कळतं, आणि माणसाला..." तिनं वळणाकडे बघितलं. मास्तर कधीच दिसेनासे झाले होते. खणखण्यानं हाका मारल्या. हाका डोंगरातच फिरून परत आल्या.

माथ्यावर पोचलो तेव्हा दुपार होती, पण उजेड नव्हता. थोरल्या चुलीच्या काठावर विझव्या बसला होता. मला वाटलं होतं शिंगं असतील. काही नाही. दुकान बंद करून कुलूप लावून बसलेल्या माणसासारखा दिसत होता. आवाजही गोड.

"या. दमलात," तो म्हणाला. खणखण्याला म्हणाला, "तुझं नाव कोण लक्षात ठेवणार आहे?" खणखण्याची तलवार खाली आली. भट्टीवालीला म्हणाला, "बाळ झालंसुद्धा, बाई. गार पाण्यानं न्हालं." तिचे पाय थबकले.

मग तो माझ्याकडे वळला, आणि तोंड न उघडता बोलला. मला एकट्यालाच ऐकू आलं. "तू तर आपला. मला माहीत आहे तू काय केलंस. पाठ फार भाजतेय ना? चालताना जरा कल, एक धक्का दे बाईला. खापरी पडेल. आग गेली की गोष्टही गेली. कुणाला काही आठवणार नाही. नाही दिलास, तर मी सांगेन."

मी खोटं बोलणार नाही. क्षणभर मी विचार केला. मग मला ती शेगडीजवळची म्हातारी आठवली, जिची बोटं मास्तरांनी एकेक करून सोडवली होती. मी हललो नाही.

तेव्हा तो मोठ्यानं बोलला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बाई, तुमच्या मास्तरांनी नीटच बांधलं होतं. या खेचरानं पोट फुगवलं होतं."

मी मान खाली घातली. म्हटलं, सुटलो. आता मारतील, सोडतील, पण सुटलो.

भट्टीवाली हसली. तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली. "बघ रे," ती खणखण्याला म्हणाली, "एवढा मोठा विझव्या, आणि खोटं काय बोलतोय तर खेचराचं पोट. म्हणजे बाळाचंही खोटंच." आणि ती तरातरा पुढे गेली.

तो जन्मात एकदाच खरं बोलला असेल. आणि त्या खऱ्यामुळेच हरला. मी काय सांगू तुम्हाला, मला त्याची थोडी कीव आली.

तिनं निखारा चुलीत ठेवला आणि वर ओंजळभर राख टाकली. खणखण्यानं म्यान मोडून घातलं, माझं खोगीर घातलं, कैक वर्षांचा घाम प्यालेलं. नुसता तंग तेवढा माझ्या गळ्यात राहिला, ओढायला. विझव्या उठला, छाती भरून घेतली आणि जीव खाऊन फुंकला. त्याला भट्टीवाल्यांची रीत कुठं माहीत. राख उडाली ती त्याच्याच डोळ्यांत, आणि राखेखालचा निखारा त्याच्याच फुंकरीनं लाल झाला. मग पिवळा. मग खोगीर पेटलं. विझव्या काचेवरच्या वाफेसारखा कडेकडेनं पुसत गेला. मागं एक ओली जागा राहिली. तीही वाळली.

खाली आलो तोवर घराघरांत चुली पेटल्या होत्या. नात झाली होती, आदल्याच दिवशी, आणि न्हाणीघर वाफेनं भरलेलं. भट्टीवालीनं तिथेच बसकण मारली.

मास्तरांनी आधीच येऊन चौकात उभं राहून सांगितलं होतं, माझ्या हातून गेली. त्यांना कुणी मारलं नाही. आमचं गाव सभ्य आहे. चुली पेटल्यावर सगळे म्हणाले, जाऊ द्या मास्तर, झालं गेलं. फक्त त्यानंतर त्यांच्या हातात कुणी भरला पेला दिला नाही. अर्धाच द्यायचे. पोरं म्हणायची, "मास्तर, सांडेल हं." नाव पडलं सांडे मास्तर. भिंतीवर चित्र काढलं त्यात भट्टीवाली आहे, खणखण्या आहे, त्याच्या मिशा आहेत. मास्तर नाहीत.

आणि मला हार. मला गूळ. जिथे भाजलं तिथे पांढरे केस आले, ते बघायला लांबून माणसं.

बरा झाल्यावर मास्तरांनी मला नवं खोगीर आणलं. तंग जुनाच. पट्टा पोटाखालून घेतला आणि ओढला. मी सगळा श्वास सोडला. आतून रिकामा होईपर्यंत सोडला. बक्कल चौथ्या भोकाला थांबलं नाही. पाचवं, सहावं, सातव्यात जाऊन बसलं.

मास्तर तसेच वाकून राहिले. चौथं भोक झिजून लांबट झालेलं, सातवं कोरं करकरीत. त्यांनी बोटानं मोजलं. परत मोजलं. गणिताचे मास्तर.

"तीन भोकं," ते म्हणाले. झिजल्या भोकावर अंगठा फिरवला. मग, "बारापर्यंत धरायचास होय रे?"

मी कान पाडले.

त्यांनी फक्त एकदा, फक्त भट्टीवालीला सांगितलं. ती पाव द्यायला आली होती, नात कडेवर. ती ऐकत राहिली आणि मग फार मायेनं म्हणाली, "मास्तर, असू द्या ना. आम्ही कुणी मनात ठेवलेलं नाही. मुक्या जनावरावर कशाला ढकलायचं?"

मला राहवलं नाही. मी तिच्यासमोर पोट फुगवलं. होईल तेवढं, डोळे बाहेर येईपर्यंत फुगवलं. बघ बाई, बघ.

"बघ गं," ती नातीला म्हणाली, "कौतुक केलं की कसा फुगतो."

मास्तर हसायला लागले. खांद्यांनी हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ती गेल्यावर मला म्हणाले, "शहाण्या, आजही?" त्यानंतर त्यांनी तो विषय कुणाकडे काढला नाही. तंग रोज ओढायचे. एकदाच. सातवं भोक. पावलं मोजणं बंद.

मास्तर जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांना पोचवायला गेले तेव्हाही मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सांडे मास्तर गेले." मी पडवीत बांधलेला होतो, पण कान माझे लांब आहेत.

मी आता ओझं वाहत नाही. दात चारच उरलेत. तर सांगायचं ते हे. ही गोष्ट खरी आधी विझव्यानं सांगितली, तो खोटा म्हणून कुणी ऐकली नाही. मग मास्तरांनी सांगितली, त्यांची नामुष्की झालेली म्हणून कुणी ऐकली नाही. आता मी सांगतोय, तर मी खेचर. तुम्ही ऐकलंत, नाइलाजानं का होईना, कारण डागाला हात लावायचाय.

लावा. पण आधी तिकडे खिळ्याला तंग टांगलाय तो काढून बघा. चौथं भोक बघा, सातवं बघा, मधली मोजा. एवढं गणित तुम्हाला यायला हवं, नाहीतर परीक्षेचं काही खरं नाही. आणि पेपर झाला की भट्टीवालीच्या नातीकडे जा, आता भट्टी तीच बघते. तिला म्हणावं, चित्रात मास्तरांना काढ. माझ्या शेजारी, तंग हातात धरून. हात सरळ काढ, थरथरते नकोत. माझं पोट हवं तेवढं मोठं काढ.

इतकी वर्षं हा श्वास धरून ठेवला होता. बारापर्यंतच येतं म्हणत होतो, पण बघा, किती लांब धरला.

आता सोडतो.